गोळी खरी होती का? औषध महानियंत्रकांना एका नैतिकता समिती सदस्याचे खुले पत्र

प्रति,
मा. औषध महानियंत्रक (भारत),
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना,
नवी दिल्ली

विषय: श्वसनमार्गाच्या विषाणूंवरील नव्या औषधांच्या चाचण्या, त्यांचे निकष आणि कोणालाच न कळणारे त्यांचे निकाल

महोदय,

माणसांवरच्या औषधचाचण्यांचे प्रस्ताव तपासून त्यांना संमती देणाऱ्या, पुण्यातील एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर मी सामान्य नागरिक सदस्य आहे. त्याआधी एकतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत डॉक्टर नसलेला, शास्त्रज्ञ नसलेला एक साधा माणूस असावा लागतो. ती खुर्ची माझी. समितीपुढील कागदपत्रांबाबत गोपनीयता पाळण्याचे मी लिहून दिले असल्यामुळे आमच्या रुग्णालयाचे, कोणत्याही प्रायोजकाचे, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचे, किंवा आमच्याकडे तपासलेल्या औषधाचे नाव या पत्रात येणार नाही. जी नावे येतील ती आधीच जाहीर झालेल्या, छापून आलेल्या गोष्टींमधली आहेत.

पत्र लिहिण्याचे कारण गेल्या महिन्याच्या बैठकीत घडले. फ्लूसह श्वसनमार्गाच्या आणखी काही विषाणूंवर चालेल असे सांगितले जाणारे एक नवे औषध माणसांवर तपासून पाहण्याचा प्रस्ताव आमच्यापुढे आला. पाचव्या दिवशी नाकातल्या स्वॅबमध्ये विषाणू किती उरला, हा त्या चाचणीचा मुख्य निकष होता. रुग्ण कामावर कधी परतला, त्याला ऑक्सिजन लागला का, त्याला दाखल करावे लागले का, हे सगळे दुय्यम निकषांच्या यादीत खाली कुठेतरी होते. रुग्णाला ज्याची काळजी असते ते खाली आणि यंत्राला जे मोजता येते ते वर, असे का, असे मी विचारले. प्रायोजकाच्या प्रतिनिधीने अतिशय सभ्यपणे सांगितले, "मॅडम, आजवर असेच चालत आले आहे." त्यांचे बोलणे खोटे नव्हते, म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

असे चालत आल्याचा सर्वांत ठळक दाखला फॅविपिराविरचा आहे. हे औषध मूळचे जपानचे. तिथे २०१४ साली त्याला मान्यता मिळाली ती नव्या किंवा पुन्हा उद्भवलेल्या फ्लूची साथ आली आणि इतर औषधे निरुपयोगी ठरली तरच वापरण्यासाठी, कारण गर्भाला इजा होण्याचा धोका प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला होता. आपल्याकडे जून २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम कोविडसाठी त्याला तातडीच्या, मर्यादित वापराची मान्यता देण्यात आली. ग्लेनमार्क कंपनीची देशातली चाचणी सात केंद्रांवर १५० रुग्णांवर झाली. रुग्णांची भरती १४ मे रोजी सुरू होऊन ३ जुलैला संपली, म्हणजे २० जूनला मान्यतेची बातमी आली तेव्हा चाचणीत रुग्ण घेणे चालूच होते. चाचणी खुली होती. कोणाला गोळी मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक होते आणि डॉक्टरलाही. मुख्य निकष होता स्वॅबमधून विषाणू नाहीसा होण्यास लागणारे दिवस. निकाल छापून आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांचा मध्यक ५ दिवस आणि न घेणाऱ्यांचा ७ दिवस निघाला, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तो निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता. आजार उतरण्याच्या बाबतीत ३ विरुद्ध ५ दिवस असा फरक दिसला आणि तो कसोटीला उतरला, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवते. मात्र गोळी कोणी घेतली आहे हे सर्वांना माहीत असताना ठरवलेल्या बरेपणाला किती वजन द्यायचे, हे मी आपल्याला सांगायला नको.

माझे थोरले बंधू कराडला असतात. सप्टेंबर २०२० मध्ये ते आजारी पडले आणि त्यांना हेच औषध लिहून दिले गेले. गोळी २०० मिलिग्रॅमची आणि पहिल्या दिवशीचा डोस १,८०० मिलिग्रॅम दोन वेळा, म्हणजे सकाळी नऊ गोळ्या आणि रात्री नऊ गोळ्या, पुढे रोज चार आणि चार. वहिनींनी स्टीलच्या ताटलीत नऊ गोळ्या मांडल्या, फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरल्या आणि विचारले, "वन्सं, एवढ्या सगळ्या एकदम?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चौदा दिवसांचा पूर्ण कोर्स १२२ गोळ्यांचा होतो. सुरुवातीला १०३ रुपयांना असलेली गोळी जुलैत ७५ रुपयांवर आली होती. त्या दरानेही तो ९,१५० रुपयांना पडतो. बंधू बरे झाले. त्या गोळ्यांनी आपण वाचलो, असे ते आजही भेटेल त्याला सांगतात आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण त्यांच्याच गल्लीत त्याच आठवड्यात तापाने पडलेले, पॅरासिटामॉल आणि पेजेवर राहिलेले तिघेही बरे झाले होते.

श्वसनमार्गाच्या विषाणूंचा सगळा पेच इथेच आहे. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात, नाकातला विषाणूही काही दिवसांत आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या काळात दिलेली कोणतीही गोळी गुणकारी वाटते. दुसरीकडे, ज्या थोड्यांचा आजार फुप्फुसात उतरतो त्यांना वाचवणे हे औषधाचे खरे काम, आणि ते थोडे असल्यामुळे फरक दिसायला हजारो रुग्ण लागतात. त्यातच औषध लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या एकदोन दिवसांत सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता अधिक, आणि आपला रुग्ण तर चौथ्या दिवशी, घरचे काढे संपल्यावर डॉक्टरकडे येतो. त्यामुळे या आजारांत बिनऔषधाच्या गोळीशी, म्हणजे प्लासिबोशी, आंधळी तुलना, म्हणजे कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि डॉक्टरला ठाऊक नसलेली तुलना, केल्यावाचून काहीच कळत नाही. दीडशे रुग्ण आणि स्वॅब एवढ्यावर याचे उत्तर मिळणार नाही, हे समजायला मला विज्ञानाची पदवी लागली नाही.

स्वॅबमधला विषाणू कमी होणे आणि रुग्णाचे भले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोविडवरच्या मोल्नुपिराविर या औषधाने तर दाखवूनच दिले. ब्रिटनमधल्या पॅनोरामिक या चाचणीत २५,००० हून अधिक लोक होते आणि त्यांतले बहुतेक लस घेतलेले होते. औषध घेतलेल्यांच्या नाकातला विषाणू लवकर घटला, त्यांना बरेही लवकर वाटले, पण रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे १ टक्का राहिले. त्याआधी मर्क कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलेला, दाखल होणे किंवा मृत्यू टळण्याचा ५० टक्क्यांचा अंतरिम लाभ पूर्ण आकडेवारी आल्यावर ३० टक्क्यांवर उतरला होता, हे आपल्या कार्यालयाला ठाऊक असणारच, कारण आपल्याकडील मान्यता त्यानंतरची, २८ डिसेंबर २०२१ ची आहे. पुढच्याच आठवड्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी या औषधाच्या सुरक्षिततेविषयी गंभीर शंका जाहीरपणे मांडल्या आणि राष्ट्रीय उपचारपद्धतीत त्याचा समावेश झाला नाही. एका सरकारी दारातून औषध आत आले, दुसऱ्या दारावर "वापरू नका" अशी पाटी लागली, आणि मधल्या अंगणात औषध दुकानांतून चाळीस कॅप्सूलचा डबा सुमारे १,४०० रुपयांना विकला जात राहिला. युरोपीय औषध संस्थेच्या समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता नाकारण्याची शिफारस केली.

माझी पहिली तक्रार ही अशी निकषाविषयी आहे. दुसरी तक्रार मौनाविषयी आहे आणि ती मला अधिक लागते.

२०२१ मध्ये आमच्या समितीने एका विषाणुविरोधी गोळीच्या चाचणीला संमती दिली. माझीही सही त्यावर आहे. चाचणी संपल्यावर काही महिन्यांनी, नेमक्या बैठकीच्या दिवशी, एक रिक्षाचालक समितीच्या कार्यालयात आले. संमतीपत्रावर कार्यालयाचा पत्ता असतो, तो शोधत ते आले होते. चाचणीत सहभागी असताना घरी ताप मोजायला दिलेला थर्मामीटर त्यांना परत करायचा होता. कोणीही तो मागितला नव्हता. त्यांनी तो एका स्वच्छ रुमालात गुंडाळून आणला होता आणि सोबत लक्षणांच्या डायरीची झेरॉक्सही होती. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, खोकल्याला किती गुण, अंगदुखीला किती गुण, सगळे मुलीच्या हस्ताक्षरात लिहिलेले. जाताना त्यांनी विचारले, "मॅडम, मला गोळी खरी होती का नुसतीच?"

मी प्रायोजकाला दोनदा लेखी विचारले. पहिल्यांदा उत्तर आले की माहितीची पडताळणी चालू आहे. दुसऱ्या पत्राला उत्तर आले नाही. ते औषध बाजारात आले नाही. त्याचा निकाल कोणत्याही नियतकालिकात मला सापडला नाही. चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत "पूर्ण" एवढा एकच शब्द आहे. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तीत आधी नोंद केल्यावाचून नियामकाच्या परवानगीची चाचणी करता येत नाही. ही चांगलीच गोष्ट झाली. पण नोंद सक्तीची आणि निकाल मर्जीचा, हे म्हणजे परीक्षेला बसणे सक्तीचे आणि गुणपत्रिका शाळेच्या मर्जीवर सोडण्यासारखे आहे.

निकाल दडून राहिल्याची किंमत काय असते हे ऑसेल्टामिविरच्या, म्हणजे टॅमिफ्लूच्या, प्रकरणात जगाने पाहिले आहे. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू आमच्या पुण्यात झाला. तेव्हा मी नोकरीत होते. शाळा बंद, तोंडाला रुमाल आणि प्रत्येकाच्या तोंडी टॅमिफ्लू, असे ते दिवस होते. सरकारे या गोळीचे साठे करत होती. एकट्या ब्रिटनने त्यावर ४२ कोटी पौंडांहून अधिक खर्च केला. कंपन्यांकडचे पूर्ण अहवाल हाती यावेत म्हणून औषधांचे पुरावे स्वतंत्रपणे तपासणाऱ्या कोक्रेन गटाच्या संशोधकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. दीड लाखाहून अधिक पाने तपासून २०१४ मध्ये त्यांनी सांगितले की प्रौढांमध्ये लक्षणांचा काळ ७ दिवसांवरून सुमारे ६.३ दिवसांवर येतो आणि रुग्णालयात दाखल होणे टळते असा भक्कम पुरावा नाही. या निष्कर्षांवर आजही वाद आहेत, असावेत. पण वाद घालायला कागद तरी समोर लागतात.

आपल्या विषय तज्ज्ञ समित्यांची इतिवृत्ते संकेतस्थळावर मिळतात, त्याबद्दल मी आभारी आहे. परंतु त्यांत सविस्तर चर्चेनंतर शिफारस करण्यात आली एवढेच बहुधा वाचायला मिळते. ती सविस्तर चर्चा काय झाली, कोणी हरकत घेतली का, आकडे कोणते दाखवले, हे कळत नाही. शाळेत असताना मी "उत्तर बरोबर, पण रीत दाखवलेली नाही" असा शेरा मारत असे.

तिसरी बाब आपल्याला कदाचित किरकोळ वाटेल. आमच्याकडे येणारी मराठी संमतीपत्रे मराठी नसतात. गेल्या महिन्याच्या प्रस्तावातले वाक्य असे होते: "आपणास यादृच्छिकरीत्या अन्वेषणात्मक उत्पादन भुजा अथवा प्लासिबो भुजा यामध्ये नियुक्त केले जाईल." बैठकीला चहा घेऊन आलेल्या मावशींना मी ते वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "म्हणजे इंजेक्शन कुठल्या हाताला?" हसू आले, पण वाक्य ज्याच्यासाठी लिहिले आहे त्याला ते असेच कळणार. "चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे, तुम्हाला खरे औषध मिळेल किंवा औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी मिळेल, कोणती मिळाली हे तुम्हाला किंवा डॉक्टरांना माहीत नसेल" असे लिहायला काय हरकत आहे? दुर्बल घटकांतील सहभागींबाबत नव्या रेणूंच्या चाचणीत संमतीचे चित्रीकरण सक्तीचे आहे, हे योग्यच. पण न कळलेल्या वाक्याला मान हलवल्याचे चित्रीकरण काय कामाचे? नुकसानभरपाई आणि दुष्परिणाम कळवण्याच्या नियमांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. २०१३ नंतर ते बरेच सुधारले आहेत आणि गंभीर दुष्परिणाम २४ तासांत कळवण्याचा नियम आमच्याकडे तरी काटेकोरपणे पाळला जातो.

चौथी बाब आपल्या ७ ऑगस्ट २०२४ च्या आदेशाची आहे. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ येथे मान्यता मिळालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतात पुन्हा चाचणी करण्याची अट त्याने शिथिल केली, आणि त्या प्रकारांत महासाथीच्या काळातील नवी औषधेही आहेत. दुर्मीळ आजारांसाठी हा आदेश वरदान ठरेल, यात शंका नाही. श्वसनमार्गाच्या विषाणूंसाठी मात्र माझ्या मनात साधा प्रश्न येतो: हे देशच एकमेकांशी सहमत नसतील तर? मोल्नुपिराविरला ब्रिटनने नोव्हेंबर २०२१ मध्ये जगात सर्वप्रथम मान्यता दिली आणि युरोपने ती देऊ नये असे तिथल्या समितीने सांगितले. जपानने कोविडवरच्या एन्सिट्रेलविर या गोळीला नोव्हेंबर २०२२ मध्ये तातडीची मान्यता दिली, तेव्हा बाकीचे थांबून पाहत होते. अशा वेळी आपण कोणाचे ऐकणार?

चांगले काम आपल्याकडे होत नाही असे मी म्हणत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात, सगळा देश कोविडमधून बरे झालेले प्लाझ्मादाते शोधत असताना, आयुर्विज्ञान परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लासिड ही चाचणी केली आणि प्लाझ्माने आजार बळावणे किंवा मृत्यू टळत नाही हे लोकांना न आवडणारे उत्तर त्याच वर्षी छापून मोकळी झाली. त्यातही एक खंत आहे: उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांमधून प्लाझ्मा वगळायला मे २०२१ उजाडला. जागतिक आरोग्य संघटनेची कोविडवरच्या औषधांची सॉलिडॅरिटी चाचणी ३५ देशांतल्या ४५४ रुग्णालयांत झाली आणि तिचे भारतातले काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने सांभाळले, म्हणजे माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावरून. माणसे आहेत, संस्था आहेत, अनुभव आहे. साथ आल्यावर मात्र प्रत्येक कंपनी आपली छोटी, वेगळी, खुली चाचणी घेऊन येते आणि आपण त्या एकेक करून मान्य करत जातो.

माझ्या मागण्या अशा आहेत. श्वसनमार्गाच्या विषाणूंवरील औषधाला केवळ स्वॅबच्या आधारे विक्रीची मान्यता देऊ नये. दाखल होणे, ऑक्सिजन लागणे, मृत्यू किंवा निदान आजारपणाचे दिवस हा मुख्य निकष असावा आणि तुलना प्लासिबोशी, आंधळी असावी. प्लासिबो देणे अनुचित ठरेल तिथे तसे कारण लिहून जाहीर करावे. तातडीची मान्यता द्यावीच लागली तर ती मुदतीची असावी, आणि त्या मुदतीत पूर्ण निकाल जाहीर न झाल्यास ती आपोआप संपावी. मान्यतेच्या दिवशीच चाचणीचा आराखडा, आकडे आणि तज्ज्ञांची भिन्नमते संकेतस्थळावर यावीत. शेवटच्या सहभागीची शेवटची तपासणी झाल्यापासून बारा महिन्यांत निकाल राष्ट्रीय नोंदवहीत भरणे बंधनकारक करावे, औषध फसले असले तरीही. आणि तो न भरणाऱ्या प्रायोजकाच्या पुढच्या प्रस्तावाचा विचार करू नये. ७ ऑगस्टच्या आदेशातील महासाथीच्या औषधांसाठी, त्या देशांत मतभेद असल्यास सवलत मिळणार नाही, असा खुलासा करावा. पुढच्या फ्लूची वाट न पाहता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे एक कायमस्वरूपी जाळे, आराखडा आणि संमतीपत्रासह, आजच तयार ठेवावे. कोविडवरच्या उपचारांच्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत आराखडा लिहायला घेतल्यापासून नवव्या दिवशी पहिला रुग्ण दाखल झाला, तो अशाच तयारीच्या बळावर. संमतीपत्राचे पहिले पान बोलीच्या जवळच्या मराठीत असावे आणि मंजुरीपूर्वी ते वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पाच माणसांना वाचून दाखवून त्यांना काय समजले ते समितीने नोंदवावे. आमच्या मावशींना मी विचारले आहे, त्या तयार आहेत.

आणि प्रत्येक सहभागीला, चाचणी संपल्यावर, त्याच्या भाषेत एक पानाचे पत्र जावे: तुम्हाला काय मिळाले होते, आणि त्या औषधाचे पुढे काय झाले.

आमच्या समितीची पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. स्वॅबच्या निकषाचा तो प्रस्ताव माझ्या हरकतीमुळे तेवढ्यापुरता पुढे ढकलला गेला आहे आणि त्याच बैठकीत पुन्हा येईल. रिक्षाचालकांनी परत केलेला थर्मामीटर कार्यालयाच्या कपाटात रुमालासकट आहे. त्यांचा पत्ता समितीकडे आहे. पत्राला पाच रुपयांचे तिकीट लागते, ते मी आणून ठेवले आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
एका नैतिकता समितीची सामान्य नागरिक सदस्य,
पुणे